कदम सरांनी वाट पाहिली

कदम सर गेल्याचं कळलं तेव्हा मी सातवीचा इतिहास शिकवत होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन आला आणि शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरूनच मी ओळखलं. पोटाचं दुखणं वाढल्यामुळे सर तीन महिन्यांपूर्वीच रजा टाकून बीडकडच्या आपल्या गावी गेले होते. निघताना म्हणाले होते, "पाचवीकडं लक्ष असू द्या, बाई." मी मान हलवली होती. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. सरांच्या मृत्यूला आता सहा आठवडे झाले, आणि त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करावी लागणार, म्हणून इतके दिवस लिहिणं टाळत होते.

आमची शाळा सुरतेत, पर्वत पाटियाच्या पलीकडची, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या कामगारांची. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, आई घरी बसून साड्यांचे धागे कापणारी. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, शाळेत पुस्तकी मराठी आणि पाचवीत गेलं की वर इंग्रजी. माझंही माहेर अमळनेरजवळचं. आईशी मी अहिराणीतच बोलत वाढले. पण शाळेत नोकरीला लागताना कुणी विचारलं तर मी सांगितलं, "आम्ही मूळचे नाशिकचे." गावंढळ म्हणतील, ही भीती होती. पुढे तेच खरं धरून चालले. माझ्या वर्गात अहिराणी शब्द तोंडातून गेला की त्या मुलाला मी उभं करायची. स्वतःचं लपवायचं असलं की माणूस दुसऱ्याशी फार कडक वागतो.

नव्वद सालानंतर लगेच सर आमच्याकडे इंग्रजीला आले. पहिला महिनाभर त्यांनी मुलांना इंग्रजीचा एक शब्द बोलू दिला नाही. स्वतःच "ओपन द डोअर" म्हणायचे आणि स्वतःच जाऊन दार उघडायचे. मग एखाद्या मुलाला खूण करून उघडायला लावायचे. वर्ग नुसता उठतोय, बसतोय, खिडकीला हात लावून येतोय. आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो, की सर इंग्रजी शिकवतात की कवायत घेतात? मग त्यांनी मुलांना घरून इंग्रजी शब्द आणायला सांगितले. मुलांनी बापाच्या खात्यातलेच आणले... बॉबिन, बीम, शटल, मशीन, पार्सल. सरांनी ते भिंतीवर चिकटवले आणि मला दाखवून म्हणाले, "बघा बाई, लेकरं एवढं इंग्रजी दप्तरात घेऊन आलीत आणि आपण म्हणतो, ह्यांना काहीच येत न्हाई." प्रश्न विचारला की ते मुलाकडे बघत उभे राहायचे नाहीत. त्याला वेळ मिळावा म्हणून पाठ फिरवून फळा पुसत बसायचे, पुसलेला फळा पुन्हा पुसायचे. उत्तर चुकलं तरी थांबवायचे नाहीत. तेच वाक्य नीट करून स्वतः सहज म्हणायचे आणि पुढे जायचे.

त्या वर्षीच्या पाचवीत संगीता नावाची मुलगी होती. वर्गशिक्षिका मी. पहिल्याच आठवड्यात ती काहीतरी अहिराणीत बोलली, वर्ग हसला आणि मी म्हणाले, "आधी शुद्ध बोलायला शीक." त्यानंतर ती बोललीच नाही. मराठी नाही, इंग्रजी नाही, हजेरीलासुद्धा नुसता हात वर. गणपतीनंतर तिचे वडील व्हरांड्यात येऊन मला भेटले. खात्यातल्या आवाजामुळे मोठ्याने बोलायची सवय, तरी शाळेत आल्यामुळे बिचकून तोंडातल्या तोंडात बोलत होते. "घर ते ती दिनभर बोलस, बाई. आठेच का बरं मुकी व्हई जास? आसंच ऱ्हायनं ते दिवाळीपाईन घरच ठेवसू तिले. दोरा तरी कापी."

मला शब्द न् शब्द कळला. मी छापील मराठीत काहीतरी उत्तर दिलं आणि ते निघून गेले. सर वर्गातून धावत बाहेर आले. "काय म्हणायले होते? मला अर्धंच ऐकू आलं."

"मलाही नीट कळलं नाही," मी म्हणाले. "दिवाळीनंतर पाठवणार नाहीत, एवढं समजलं."

ती घरी दिवसभर बोलते, ही एवढी एक गोष्ट मी सांगितली असती तर सरांना वाट सापडली असती. पण मग मला अहिराणी कळते हेही सांगावं लागलं असतं. एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती आणि मी माझं नाशिक सांभाळत बसले. सर एवढंच म्हणाले, "लेकरू मुकं न्हाई, बाई. ते ऐकायलंय अजून. घाई करू नका."

दिवाळीच्या सुटीला आठवडा उरला असेल. सरांनी वर्गात धागा गुंडाळलेल्या दोन बॉबिन आणल्या आणि मुलांसमोर तुटलेला धागा जोडायला बसले. लूमवर तुटलेला धागा ज्या बारीक गाठीने जोडतात, ती गाठ. आमच्या शाळेतल्या पोरांना ती झोपेतही बांधता येते. सरांची गाठ काही बसेना. एकदा सुटली, दोनदा सुटली, मुलं खिदळायला लागली. सर घामाघूम. त्यांना खरंच जमत नव्हतं की सोंग होतं, ते मी कधी विचारलं नाही. मी वह्या घेऊन दारात उभी होते. तिसऱ्या रांगेतून संगीता उठली, कुणी न बोलावता टेबलापाशी गेली आणि सरांच्या हातातला धागाच काढून घेतला.

"आशी नही, सर. ढिली व्हयनी. जोरमा वढा."

सरांनी धागा ओढला आणि हळूच म्हणाले, "पुल." तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "पुल," तीही म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी उभी राहून सरांना हुकूम सोडत होती... टेक, टाय, पुल, कट. आणि सर आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे एकेक करत होते. संध्याकाळी सर तिला घेऊन वडिलांकडे गेले, तिथे तिने तेच करून दाखवलं. दिवाळीनंतर ती शाळेत आली. पुढे सातवी पास होऊन गेली.

त्या दिवशी सरांना खरं सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. नंतर ते मुलांकडून अहिराणी शिकायला लागले, मुद्दाम चुकतमाकत बोलायचे, मुलांना सुधारू द्यायचे. माझ्यासमोर एखादा शब्द अडला तरी मला मात्र विचारायचे नाहीत. परगावचा माणूस माझी भाषा मन लावून शिकत होता आणि मी शेजारच्या खुर्चीत वह्या तपासत होते.

गेल्या आठवड्यात सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यांची खोली रिकामी करायला सुरतला आल्या, म्हणून भेटायला गेले. सामान बांधून झालं होतं. खिडकीशी सरांची खुर्ची तेवढी उरली होती. चहा घेता घेता वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही खानदेशातल्या ना?"

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. पहिल्याच वर्षी. ते संगीताचे वडील पुटपुटत होते आणि तुम्ही मान हलवत होतात, बरोबर जागी, हे ह्यांनी वर्गातून पाहिलं म्हणे. मी म्हणलं, मग विचारा की त्यांनाच अहिराणी शब्द. तर म्हणले, 'न्हाई. बाई ऐकायल्यात अजून. बोलतील त्यांच्या वेळंला.'"

म्हणजे इतकी वर्षं सर माझ्याकडेही पाठ करून फळा पुसत होते... मला रडू आवरेना. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी म्हणाले, "मन्ही चूक व्हयनी, सर." वहिनींनी अर्थ विचारला नाही.

पाचवीचा इंग्रजीचा तास आता माझ्याकडे आहे. सोमवारी गेले आणि आधी माझं गाव, माझी माय, आमचं घर, सगळं आमच्या बोलीत सांगितलं. जीभ अडखळत होती. मुलं हसली, हसू दिलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही आमना गावकडना शेतस का?"

मी हो म्हणाले. ऐकायला सर हवे होते.