तिच्या बाजूची काच

बायको वारली, त्यानंतर जुन्या गाडीची तिच्या बाजूची काच उतरेनाशी झाली. सिंदीच्या वायरिंगवाल्याने दारातलं बटन खोललं. स्क्रू तो ओठांत धरायचा, त्यामुळे बोलणं तोंडातल्या तोंडात. बटनातून त्याने चिमट्याने कापसाचा पुंजका ओढला.

"काच उघडीच राहे वाट्टे. कोन बसे इकडं?"

"बायको. कापसाची गाडी दिसली की काच खाली करायची. आता ती नाही."

त्याने स्क्रू तोंडातून काढले. पुंजका फुंकून न देता माझ्या हातावर ठेवला. बटन बसवून म्हणाला, "ज्याची सीट, त्यालेच दाबाले लावतो मी. आता तुमीच बसा, भाऊ."

गाडी कायम मीच चालवायचो, त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. बटन दाबलं, काच उतरली. मान वळवली, तर स्टिअरिंगमागे कोणी नव्हतं. ती मला इथून बघायची.