शेजारमास्तरांचा चुकलेला प्रश्न

शेजारमास्तर कुणाच्याही घरी गेले तरी त्या घराबद्दल कधी विचारत नसत. विचारायचे ते शेजारच्या घराबद्दल. "तुमच्याकडं कधी चोरी झाली का? मारहाण होते का? कोण पितं का?" असं सरळ विचारलं, तर मंगळवार पेठेतली बाई पदर खोचून दारात उभी राहायची आणि "आमच्यात न्हाय बा तसलं काय!" म्हणून दार ओढून घ्यायची. पण "शेजारी कसं काय?" म्हटलं की तीच बाई बसायला पाट द्यायची आणि चहाचं आधणही ठेवायची. त्यावरून पेठेनं त्यांना हे नाव दिलं. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिलेलं मास्तरांना खपलं नसतं. कुणाचं नाव लिहायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम होता.

संस्थान होतं तेव्हा मास्तर तुरुंगात कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवायचे. बाराखडी गिरवता गिरवता कैदी आपल्या कहाण्या सांगायचे आणि मास्तर कान देऊन ऐकायचे. संस्थान विलीन झालं आणि मास्तर घरी बसले, पण त्यांचं कुतूहल काही घरी बसेना. "चोराला फौजदार विचारतो, वकील विचारतो, न्यायाधीश विचारतो. वीस वर्षं मीपण विचारलं," ते म्हणायचे. "पण ज्याचं गेलं त्याला कोण विचारतंय?" तेवढ्यात दारूबंदी आली. तिचा लोकांच्या घरादारावर काय परिणाम झाला हे मुंबईच्या कुठल्याशा संस्थेला जाणून घ्यायचं होतं, आणि आमच्या पेठेतल्या एका गल्लीचं काम मास्तरांनी मागून घेतलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. बायका परक्या पुरुषाशी मोकळं बोलणार नाहीत, म्हणून त्यांनी माझ्या वडिलांकडे या कामासाठी मला मागितलं. आबा आधी जाम कुरकुरले. शिकल्यासवरलेल्या मुलीनं हातभट्टीच्या चौकशा करत दारोदार फिरायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. शेवटी मास्तर रोज संध्याकाळी येऊन खनपटीला बसायला लागले, तेव्हा त्यांनी कंटाळून परवानगी दिली.

मास्तर प्रश्न विचारायचे आणि मी वहीत उत्तरं उतरवायची. तीही शिसपेन्सिलीनं. मी पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात फाउंटनपेन घेऊन गेले, तर त्यांनी ते काढून घेतलं. "पोरी, शाई बघितली की माणसाला कोर्ट दिसतंय," म्हणाले. वहीत घरांची ओळख दारावरून ठेवलेली असायची. मोडकी पायरी, दोन तुळशी, निळं दार, असं.

चोरी झालेल्या घरी ते चौथ्या दिवशी जायचे. आधी का नाही, असं मी एकदा विचारलं. "पहिल्या दिवशी माणूस चोराबद्दल बोलतो. चौथ्या दिवशी स्वतःबद्दल बोलायला लागतो," ते म्हणाले. मला ते उगीच वाटलं होतं. पण कोपऱ्यावरच्या चाचा शिंप्याचं शिलाई मशीन चोरीला गेलं, तेव्हा पटलं. पहिल्या दिवशी चाचा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा चोराच्या नावानं ठणाणा करत होते. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तर रिकाम्या टेबलापुढे मुकाट बसलेले. "मास्तर, माझी कडी जरा उचलून सरकवल्याबिगर निघत न्हाय. त्याला ते ठावं हुतं," ते म्हणाले. "म्हंजे माझ्या हातचा चहा प्यालेलाच कोण तरी हाय. आता चहा कुणाला पाजू, सांगा." मास्तरांनी तो प्रश्न जसाच्या तसा मला लिहायला लावला.

महिनाभरानं गल्ली संपली आणि आम्ही बेरजा करायला बसलो. गल्लीत पुरुष निघाले अठ्ठावीस आणि पिणारे एकतीस! मास्तर पोट धरून हसले. मलाही हसू आलं, पण चूक माझीच असणार म्हणून मी पुन्हा पुन्हा मोजत होते. मग उलगडा झाला. एकाच घराबद्दल उजवीकडच्यांनी सांगितलं, डावीकडच्यांनी सांगितलं आणि समोरच्यांनीही सांगितलं. एका पिणाऱ्याचे तीन-चार झाले होते. मास्तरांनी कोण कुणाकडे बोट दाखवतंय याचा कागदावर नकाशा काढला, तर सगळ्यात जास्त बोटं निळ्या दाराकडे वळलेली. दारूबंदी येऊनही तिथला मालक रोज पिऊन येतो, बायकोला मारतो आणि तिचं ओरडणं गल्लीभर ऐकू येतं. सहा घरांनी हेच सांगितलेलं.

"निळ्या दाराच्या बाईनं काय सांगितलं होतं?" मास्तरांनी विचारलं.

मी वही उलटून पाहिली. तिच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, निरंक. आबांच्या कचेरीतल्या कागदांवर 'काही नाही' या अर्थी येणारा हा शब्द मी उचलला होता आणि तो वापरायची मला भारी हौस होती.

"नक्की काय म्हणाली ती? तिच्याच शब्दांत सांग."

मी आठवून सांगितलं. ती म्हणाली होती, "शेजारी लई चांगली हायत. त्यांच्यात काय वंगाळ न्हाय. माझ्यापायीच त्यांना दोन घास सुखानं खायाला मिळत न्हाईत, एवढंच."

सबंध गल्लीत शेजाऱ्यांबद्दल चांगलं बोललेली ती एकटी बाई, आणि तिच्यापुढे मी निरंक लिहून मोकळी झाले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की वही मिटून मी उठलेच. मास्तर रागावले नाहीत. "बस खाली. प्रश्नच असा होता की तिला स्वतःचं सांगायला जागाच नव्हती," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिचा नवरा गिरणीत गेलेला असताना, आम्ही निळ्या दाराशी गेलो. मास्तर पायरीवर बसले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेजारचंच विचारायचा आपला नियम मोडला. "बाई, आज शेजाऱ्यांचं विचारायला आलो नाही. तुमचं सांगा."

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझं काय सांगायचं? सगळ्यांनी माझंच सांगितलं असंल, न्हवं?"

कुणी काय सांगितलं हे दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, हा आमचा दुसरा नियम. मास्तरांनी तोही मोडला. "व्हय," ते म्हणाले.

"मग आता त्यास्नी येवढंच इचारा की. ऐकू आल्यावर तुम्ही काय केलासा?"

मास्तरांनी माझ्या हातातून वही घेतली आणि तो प्रश्न स्वतः लिहून घेतला. मग तेवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. या खेपेला पाट आला नाही आणि चहाही आला नाही. "आपण कशाला कुणाच्या संसारात पडायचं?" "आम्ही आपलं दार लावून घेतलं." "पोरांना आत वडलं." एक जण तर मास्तरांच्या अंगावरच धावून आला. दोन तुळशींच्या घरातल्या म्हाताऱ्या आक्का तेवढ्या सरळ म्हणाल्या, "काय बी केलं न्हाय, मास्तर. तसंच लिव्हा."

आठवड्यानं दिवेलागणीला आम्ही गल्लीतून परतत होतो. निळ्या दाराआडून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग तिची किंकाळी. मास्तर पुढे निघणार, इतक्यात आक्का वाटी घेऊन घराबाहेर पडल्या आणि त्यांनी थेट निळं दार ढकललं.

"विरजण हाय का गं घरात?"

आतला आवाज बंद पडला. नवरा गुरगुरला, "दे त्यास्नी आन् जाऊ दे."

"जातो की," आक्का म्हणाल्या आणि उंबऱ्याच्या आत फतकल मारून बसल्या. "गुडघं लई दुखत्यात, जरा बसतो. तुझी आई बरी हाय का रे?" पुढचा तासभर त्या हलल्या नाहीत. हातात विरजणाची वाटी घेऊन आईची खुशाली विचारणाऱ्या म्हातारीसमोर तो गडी करणार तरी काय? खाली मान घालून उत्तरं देत बसला.

दुसऱ्या वेळी समोरची बाई गेली, तिसऱ्या वेळी चाचांची बायको. गल्लीत एवढं दही कुणीच लावत नव्हतं, पण निळ्या दाराशी वाटी घेऊन कोणी ना कोणी उभं असायचं. मार पार थांबला असं मी म्हणणार नाही. पण कमी झाला, आणि ती बाई संध्याकाळी दारात येऊन बसायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मास्तरांनी नव्या प्रश्नाची सगळी उत्तरं अहवालाला जोडून मुंबईला पाठवली. हा प्रश्न ठरलेल्या यादीत नाही, तो गाळावा, असं उत्तर आलं. मास्तरांनी गाळला नाही आणि पुढच्या गल्लीचं काम काही त्यांना मिळालं नाही. मला त्या लोकांचा संताप आला. मास्तर मात्र कितीतरी दिवस याच विचारात होते की मुंबईत माणसांना शेजारी नसतात की काय.

मग माझं लग्न झालं आणि मी गडहिंग्लजला गेले. दोन-तीन वर्षांनी मास्तर गेल्याचं कळलं, तेही दिवस उलटून गेल्यावर. त्यांच्या मुलानं ती वही माझ्याकडे पाठवून दिली. निळ्या दाराच्या रकान्यात माझा निरंक तसाच होता, खोडलेला नव्हता. त्याच्या खाली मास्तरांनी लिहिलं होतं, "नोंदणारीची चूक नाही. प्रश्न माझा चुकला." सबंध वहीत तेवढी एक ओळ शाईनं लिहिलेली होती. ती वाचून मी पोटभर रडले.

आता मी मुलाकडे फ्लॅटमध्ये राहते. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी वरून काहीतरी फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ त्या जोडप्यातल्या मुलीचा ओरडा. सून म्हणाली, "आई, त्यांचं त्यांना बघू दे." आमच्या फ्रिजमध्ये दह्याचा डबा भरलेला होता. मी रिकामी वाटी घेतली, एकेक पायरी चढून वर गेले आणि बेल वाजवली. दार तिच्या नवऱ्यानंच उघडलं.

"विरजण आहे का रे घरात?" मी विचारलं आणि आत जाऊन बसले. "गुडघे दुखतात, जरा बसते." आणि माझ्या वयाला ते खोटंही नव्हतं.