पाहणीआधीची छाटणी

“मेलेली म्हणता? मग मलाबी मेलेला लिहा!” काका ओरडत होते. समोर कोर्टाने जमिनीच्या पाहणीसाठी पाठवलेले वकील, ज्यांना सगळे कमिशनरसाहेब म्हणत होते, रुमालाने मान पुसत उभे. आणि चहूकडे आमची द्राक्षबाग, म्हणजे मांडवाच्या तारा आणि त्यांखाली एप्रिलच्या उन्हात तापणारे बोडके खुंट. पान म्हणून औषधाला नाही. काकांचा आवाज असा, की ते सायखेडा रस्त्यावरच्या या बागेत नुसते खाकरले तरी पार नाशिकच्या अंबड भागातल्या कारखान्यांतली माणसं भोंगा झाला समजून डबे उचलायची. मी तेव्हा अंबडलाच नोकरीला होतो. एकदोनदा मीही उचलला असेल.

परवा त्याच रस्त्याने जाताना कुणाच्या तरी बागेत छाटणी चालली होती. ताज्या कापलेल्या काड्यांचा तो कच्चा, ओलसर, जरासा तुरट वास गाडीच्या खिडकीतून आत आला, आणि काकांचं हे ओरडणं पुन्हा कानात शिरलं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमच्या बागेवर बसगाड्यांचं आगार होणार, असं ठरलं. सरकारचं म्हणणं की जमीन पडीक आहे आणि काम तातडीचं आहे, तेव्हा मालकाची हरकत ऐकत बसायची गरज नाही. काका कोर्टात गेले. पडीक कशी, त्यावर द्राक्षं उभी आहेत, आधी आमचं ऐका, एवढंच त्यांचं मागणं. बाग पडीक ठरली तर गेली, बाग ठरली तर निदान झगडायला जागा उरली. माझ्या स्कूटरवर मागे बसून काका नाशिकला वकिलाकडे येत. वाटेत त्यांना प्रत्येक बागायतदाराशी बोलायचं असे, त्यामुळे सोबत घेतलेल्या, निघताना हिरव्या असलेल्या केळ्यांची आम्ही पोचेपर्यंत शिकरण करायच्या लायकीची अवस्था होई.

कोर्टाने सांगितलं, कुणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहून या. आमच्या वकिलांना आनंद झाला. त्यांनी काकांना अगदी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की साहेब येऊन जाईपर्यंत बागेला हात लावायचा नाही, पानं जेवढी दिसतील तेवढी बरी. काकांनी मान डोलावली. मी साक्षीला होतो.

आता द्राक्षाचं एक असतं. माल उतरला की एप्रिलात खरड छाटणी करावीच लागते. सगळ्या काड्या खोडाजवळून उतरवायच्या, तेव्हा कुठे नवी फूट येते आणि पुढच्या सालाचा घड तिच्या पोटात धरतो. हे काम सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या करतात. टोळी बागेबागेने पुढे सरकते आणि कुणाचा नंबर कधी, हे पाडव्यालाच ठरलेलं असतं. नंबर चुकला की टोळी पुढच्या गावाला, आणि पावसाच्या तोंडावर ती माणसं भाताच्या तयारीला आपल्या डोंगरात परत. त्या वर्षी पाहणी सोमवारी ठरली होती आणि आमचा नंबर आला तो आधीच्या गुरुवारी. काकूने आठवण करून दिली, वकील काय म्हणाले ते. काका म्हणाले, वकिलाला काय कळतंय. तेव्हा काकू म्हणाली, “तुम्हाला कळतंय ना, मग कोर्टात तुम्हीच काळा कोट घाला.” शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बाग साफ. शेवटची काडी पडली तेव्हा काकांच्या तोंडावर असं समाधान होतं, की जणू खटलाच जिंकला.

सोमवारी साहेब आले ते हे पाहायला. माणूस सज्जन होता. काकांनी खिशातला चाकू काढून खोडाची साल खरवडली, आतला हिरवा ओलावा दाखवला. दुसऱ्या खोडाची खरवडली, तिसऱ्याची. थांबवलं नसतं तर सगळी बाग सोलून काढली असती. साहेबांनी बोट लावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “आतून हिरवी आहे, हे मी लिहितो. पण पान एकही नाही, हेही मला लिहावं लागेल.” मग त्यांनी फोटो काढले. काका प्रत्येक फोटोत मधोमध, हात पसरून. सगळ्या चित्रात टवटवीत असे ते एकटेच.

तेच फोटो कोर्टात फिरले. आतून हिरवी हे कागदावर होतं, पण फोटोत दिसत नव्हतं. आमचा अर्ज फेटाळला गेला. पुढे आणखी वरच्या कोर्टात जाण्यात वर्ष गेलं, तिथेही तेच झालं, आणि पावसाळ्यात जमिनीचा ताबा द्यायचा ठरला. पुष्कळांनी काकांना बोल लावले. मीही मनात लावले. आमच्या वकिलांनी तर बरेच दिवस द्राक्षं खाणं सोडलं होतं म्हणतात. हे मात्र मीच पसरवलं असण्याची शक्यता आहे.

या सगळ्याला आता इतकी वर्षं झाली, की कोण बरोबर होतं याचा निकाल मी काढत नाही. कोर्टाला एका दिवसात दिसेल ते हवं असतं, आणि वेलीचं खरं रूप एका दिवसात दिसत नाही. ती वर्षाच्या दोन टोकांना दोन वेगळी झाडं असते. काका सगळ्या वर्षाकडे बघून चालत होते, एवढंच मला आज समजतं. तेव्हा तेही समजत नव्हतं. ताबा द्यायच्या आधीच्या एप्रिलात मी गेलो, तर काका मांडवाखाली टोळीबरोबर उभे, आणि खाली काड्यांचा खच. घड धरेपर्यंत ही जमीन आपली राहणार नव्हती. मी विचारलं, काका, आता हे कशासाठी?

कात्रीची मूठ पुसत ते म्हणाले, “एप्रिल लागला ना.”