खुशालभाऊंचं काळं नाणं

मूलच्या राइस मिलमध्ये खुशालभाऊंनी जन्मभर मशीन चालवली. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही. उमा नदीला पूर आला की तेवढंच काय ते मोठं पाणी. तरी गावात त्यांची ओळख एकच, बुडालेल्या जहाजांतली नाणी जमवणारा माणूस. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, भाऊ, खजिना कुठवर आला? मला त्या लोकांचा संताप यायचा, कारण खजिना कसा सुरू झाला ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिलं नाणं राजदीपनं आणलं, त्यांच्या एकुलत्या एक मुलानं. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली होता. पहिल्या सुटीत आला तेव्हा बापासाठी कुठल्याशा परदेशी बंदरातून हे चांदीचं नाणं घेऊन आला. तीनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या स्पॅनिश जहाजातलं. वेडंवाकडं कापलेलं, मधे क्रूस, आणि खाऱ्या पाण्यानं तव्याच्या बुडासारखं काळं पडलेलं. दुसऱ्या खेपेला राजदीप वादळात जहाजावरून पडला. कंपनीचा फोन आला. देह मिळाला नाही.

तेव्हापासून भाऊंना नाद लागला. नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन भरलं की जायचं आणि बुडालेल्या जहाजातलंच मागायचं. कुणी शिवराई दाखवली तर हात लावत नसत. मला एकदाच म्हणाले, "समुद्र ठेवून नाई घेत. उशिरा देते, पन देते."

नाणं धुवायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. जमवणारे सगळेच तो पाळतात, धुतलं की जुनेपण जातं म्हणून. भाऊंना जुनेपणाचं काही पडलं नव्हतं. त्या काळ्या थरात समुद्र आहे आणि तो आहे तोवर पोरगा यायचा राहिलाय, एवढंच ते धरून बसले होते. त्यापायी राजदीपचं पुण्यानुमोदन, म्हणजे आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसासाठी करतात तो विधीही होऊ देत नव्हते. ठमाबाई, त्यांची बायको, किती वर्षं विनवत होत्या, भंतेजींना बोलवा, पोराला निरोप द्या. भाऊंचं उत्तर ठरलेलं, तो मेला हे पाहिलं कुणी?

यंदा ठमाबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कुठे भाऊ तयार झाले, तेही तोंड पाडून, तिच्यासाठी.

कार्यक्रमाच्या सकाळी मी सतरंज्या घेऊन गेलो तर भाऊ अंगणात ओरडत होते. ठमाबाई भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात परातीत कोमट पाणी, वाटीत चिंचेचा कोळ, आणि तळहातावर राजदीपचं नाणं, पांढरंशुभ्र. भाऊंनी ते हिसकायला हात पुढे केला.

"पोराले आखरीची आंघोळ घालाची राहून गेली होती," त्या हळूच म्हणाल्या. "पान्यातून घरी एवढंच आलं ना. म्हनून यालेच घातली."

आमच्याकडे देह उचलण्याआधी घरची माणसं त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घालतात. त्या घरात ती झालीच नव्हती. इतकी वर्षं शेजारी राहून हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

भाऊंचा हात तिथंच थांबला. मग ते खाली बसले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

"पुस त्याले नीट," ते म्हणाले. "वल्लाच ठेवशीन का?"