वीतभर लोखंड

त्या वर्षी मी ठाण्यातल्या एका कारखान्यात गॅसने लोखंड कापायचं काम करत होतो. वय चोवीस. कळव्याहून चालत यायचो. आमच्या खात्यात बाळकुमचे एक फिटर होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना काका म्हणायचे.

एका दुपारी तेलाच्या नव्या टाकीचं काम चाललेलं. टाकीच्या आतून एक जाड ब्रॅकेट दोन बोल्टांवर बसवायचं होतं. काकांनी शेजारच्या भोकातून कोपरापर्यंत हात आत घालून ते धरलेलं. एक बोल्ट निसटला आणि ब्रॅकेट दुसऱ्या बोल्टवर गर्रकन फिरलं. काकांचा हात ब्रॅकेट आणि भोकाची कड यांच्यामध्ये चिमटला.

ते ओरडले नाहीत. "अरे, हात अडकला," एवढंच म्हणाले. पण चेहरा पांढराफटक पडला.

आम्ही बोल्टला पाना लावला, तर आतला नटही त्याच्याबरोबर फिरायला लागला. छिन्नीचा पहिला घाव घातला तेव्हा मात्र काका कळवळले. दुसरीकडून टाकी कापून आत शिरायला तास गेला असता, आणि एवढ्यातच कोपराच्या वर सूज चढायला लागलेली.

फोरमनने माझ्याकडे पाहिलं. "बोल्टचं डोकं गॅसने उडव. पण ज्योत बारीक ठेव. बोल्टपासून हात वीतभरच लांब आहे."

"बारीक नको, साहेब," मी म्हणालो. "बारीक ज्योतीने वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात सगळं लोखंड तापेल. मोठी ज्योत लावतो, झटक्यात कापतो. उष्णता हातापर्यंत पोचायच्या आत बोल्ट बाहेर काढू."

"आणि चुकलं तर?"

फोरमन काकांकडे वळले. काका म्हणाले, "त्याला करू द्या."

आम्ही बोल्ट आणि भोक यांच्यामधल्या पत्र्यावर ओल्या मातीचा जाड थर थापला, वर भिजलेलं गोणपाट. पण ते सगळं बाहेरून. आतलं ब्रॅकेट बोल्टला टेकलेलं होतं आणि काकांच्या हातालाही. त्या वाटेने येणारी उष्णता अडवायला आमच्याकडे काही नव्हतं. हाताभोवतीच्या फटीतून खात्यातला एक खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, आत पाणी सोडत राहिला. गॅसच्या कामातल्या माझ्या जोडीदाराने, उष्णता किती पोचते ते कळावं म्हणून, आपला पंजा काकांच्या हाताला लागून पत्र्यावर ठेवला.

मी ज्योत पेटवली. बोल्टचं डोकं लाल झालं, मग पिवळं.

"काका, लागतंय?"

"नाही. चालू दे."

ठिणग्या उडाल्या. मी पुन्हा विचारलं. "नाही रे, कर तू."

तेवढ्यात जोडीदाराने पंजा झटकन मागे घेतला. "अरे, भाजतंय इथे!"

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तोंडावर भाजत असल्याची काही खूण नव्हती. त्यांचा हात केव्हाच बधिर झालेला. ते खरंच सांगत होते, त्यांना काही लागत नव्हतं. आणि मी त्यांच्याच शब्दावर विसंबून ज्योत धरून होतो. थांबलो असतो तर अर्धवट कापलेला बोल्ट तसाच राहिला असता. मी थांबलो नाही. दोन श्वासांत डोकं तुटून खाली पडलं आणि मी गॅस बंद केला.

सगळ्यांनी हुश्श केलं. फोरमन म्हणाले, "जरा निवू दे."

"निवणार नाही! आता तर उष्णता हाताकडे येईल!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा साहेबावर ओरडलो. ज्योत विझली तरी लोखंडात शिरलेली उष्णता पुढे सरकत राहते, हे मी कापलेले तुकडे उचलताना कितीदा भोगलेलं. मी उरलेल्या बोल्टवर पंचाची लोखंडी सळी लावली, जोडीदाराने घण घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला बोल्ट आत गेला आणि ब्रॅकेट टाकीत दणकन कोसळलं.

काकांचा हात बाहेर आला. कोपराच्या जरा खाली बोटभर रुंद भाजलेला पट्टा होता, कातडी पांढरी पडलेली. काका त्याच्याकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसे बघत राहिले. मग त्यांना इस्पितळात नेलं. मी मोरीवर जाऊन ओकलो.

हात वाचला. दोनेक महिन्यांनी ते कामावर आले. पट्टा भरून आलेला, पण दोन बोटांत जाणीव परतली नव्हती. मी माफी मागायला गेलो. "काका, मला आधीच कळायला हवं होतं."

"मलाही कुठे कळत होतं?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू फार जपून करतोयस."

ते बोलले ते हसत, पण मला हसू आलं नाही. पुढे कितीतरी दिवस दुपारच्या सुट्टीत ते चहाचा पेला आधी माझ्या हातात द्यायचे. "बघ रे, कितपत गरम आहे." मी पेला धरायचो आणि सांगायचो.