उकंडाची तब्येत

यवतमाळच्या कोर्टाच्या आवारात, बशीर वकिलांच्या टेबलाशेजारी उकंडा गेडाम बसायचा आणि लोकांच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही करायचा. हाच त्याचा धंदा. खरेदीखत असो की मृत्युपत्र, एक चहा आणि सुपारी-तंबाखू घोटलेला एक खर्रा मिळाला की उकंडाची सही हजर. शिकला चौथीपर्यंत, पण सही अशी वळणदार, की बघणाऱ्याला वाटावं तहसीलदाराचीच आहे. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, पोरबाळ नाही. आपण मेलो काय नि जगलो काय, कोणाचं काय अडते, असं तोच हसत सांगायचा.

आणि कापसाच्या पडत्या दिवसांत, दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, याच उकंडाच्या जिवाला एकाएकी मोल आलं.

झालं असं, की मधुसूदनअण्णा नावाच्या रिटायर हेडक्लार्कनं आपलं स्वकमाईचं घर मृत्युपत्र करून लेकीच्या, शुभदाच्या नावे लिहून ठेवलं. शुभदा नवरा गेल्यावर माहेरी आलेली. त्याच घरात मेस चालवून पोट भरायची, अण्णांचं शेवटचं दुखणंही तिनंच काढलं. मुलगा चारुदत्त जिनिंगवाला, कापसातली सरकी काढायचा कारखाना चालवणारा. कापसाचा भाव पडला, जिनिंगला कुलूप लागलं, आणि अण्णा गेल्याबरोबर याची नजर घराकडे वळली. मृत्युपत्र खोटं, अर्धं घर माझं, म्हणून त्यानं दावा ठोकला. अर्धं गेलं म्हणजे घर विकणं आलं, आणि शुभदाची चूल रस्त्यावर आली.

मृत्युपत्रावर साक्षीदार दोन, पूनमसिंग कंपाउंडर आणि उकंडा; सह्या अण्णांच्या घरीच झालेल्या. त्यातला पूनमसिंग तर अण्णांच्याही आधी गेला. बशीर वकिलांनी कपाळाला हात लावला.

"साक्षीदार तरणाबांड घ्यावा, असं मी जगाला सांगतो," ते शुभदाला म्हणाले, "आणि माझ्याच हातच्या कागदावर ही म्हातारी मंडळी घेतली. आता हा एकच उरला, बाई. याची साक्ष होईस्तोवर याला जपा."

"अन् मेलो तं?" उकंडानं विचारलं.

"मग सह्या ओळखणारे शोधत फिरावं लागेल, आणि समोरच्याचं फावेल. साक्ष होईपर्यंत मरायचं नाही. आणि उकंडा, अण्णांना सही करताना तू पाहिलंस ना?"

"हो साहेब," उकंडा म्हणाला खरा, पण मान खाली घालून.

त्याला शुगर होती, बीपी होतं. दुसऱ्या दिवसापासून साडेबाराच्या ठोक्याला शुभदाचा डबा येऊ लागला. मुगाची खिचडी, दुधीची भाजी, मीठ नावाला. आणि चार वाजले की मोटारसायकलवर चारुदत्त हजर, हातात गरम आलूबोंडे नाहीतर जिलबीचा पुडा. "काका, खा. कायले परहेज करता? जिंदगी कितीक राह्यली?" त्याच्या मनात पाप होतं असं आपण कशाला म्हणावं, पण शुगरवाल्या माणसाला रोज जिलबी कोण चारतं, हे तुम्हीच सांगा. उकंडानं मात्र कुणाचंच मन मोडलं नाही. दुपारी तब्येत कमवायचा, चार वाजता उधळायचा. तारखा पडत राहिल्या आणि उकंडा गोल होत गेला.

एके दिवशी चारुदत्तनं आलूबोंडा पुढे करत सहज विचारलं, "काका, अण्णा सही करत होते तवा तुम्ही कुठं बसले होते?"

"बसलो कुठं? मी तं खिडकीत गेलतो, खर्रा थुकाले," उकंडा भरल्या तोंडानं बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

चारुदत्तनं उरलेले आलूबोंडे तसेच गुंडाळून परत नेले. आणि दुसऱ्या दिवशी जिलबी बंद. चार वाजता बिनसाखरेचा चहा आला, सोबत भिजवलेली मेथी. "तब्येत जपा काका. साक्ष द्याची हाय तुमाले." आता दोन्हीकडून दुधी सुरू झाला. उकंडा पस्तावला. जिलबी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं हे, की शुभदाची खिचडी घशाखाली उतरेना. आपल्या एका थुंकीपायी या बाईचं घर जाणार, या विचारानं त्याचा जीव टांगणीला लागला. खोटं बोलावं तर अण्णांच्या खऱ्या कागदाला डाग लागतो. खरं बोलावं तर घरच जातं.

साक्षीचा दिवस उजाडला. उकंडानं शपथ घेतली. चारुदत्तच्या वकिलांनी फार फिरवलं नाही. "अण्णांचा पेन कागदावर चालताना तुम्ही स्वतः पाहिला?"

उकंडानं शुभदाकडे पाहिलं. ती डबा मांडीवर घेऊनच बसली होती. साक्ष लांबली तर म्हातारा उपाशी राहील म्हणून.

"नाही साहेब. खिडकीत गेलतो. खर्रा थुकाले."

कोर्टात हशा पिकला. ते वकील समाधानानं खाली बसले. बशीर वकिलांचा चेहरा उतरला, पण ते लगेच उठले. "थुंकून परत आल्यावर काय झालं?"

"अण्णानं कागद माह्याकडे फिरवला. म्हने, उकंडा, हे पाह्य, ही सही मी केली, माह्या राजीखुशीनं केली. आता तू कर. मंग त्यायच्यासमोर मी केली. पूनमसिंगनं बी केली."

न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं आणि लिहून घेतलं. कायद्याला एवढंच लागतं. सही करताना पाहा, नाहीतर 'ही माझी सही' असं करणाऱ्याच्या तोंडून ऐका, दोन्ही चालतं. उकंडाला हे चाळीस वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या तारखांत निकाल लागला आणि घर शुभदाचं झालं.

दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजले, डबा आला नाही. चार वाजले, चारुदत्त तर येणारच नव्हता. तिसऱ्या दिवशीही तेच. तब्येत कशी आहे, असं दोन दिवसांत कोणी विचारलं नाही. उकंडाला फार वाईट वाटलं. शेवटी तो चालतच शुभदाच्या घरी गेला. ती नवस फेडायला कळंबला गेली होती, ती नुकतीच परतली होती.

"बाई," तो दारातूनच म्हणाला, "चारुदत्त अपील करते म्हनते. मले पुन्हा उभं राहा लागन. तब्येत जपा लागन."

अपिलात साक्षीदार पुन्हा उभा करत नाहीत, आणि चारुदत्तनं अपिलाचा नाद सोडलाय, हे दोन्ही बशीर वकिलांनी शुभदाला निकालाच्या दिवशीच सांगितलं होतं. तिनं पाट मांडला.

"किती वर्षं चालतं हो काका अपील?"

"वीस वर्सं तं सहज जाते."

"मग खर्रा बंद करावा लागेल," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

उकंडाचे डोळे भरून आले. त्यानं खिशातली खर्र्याची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली आणि निमूट खिचडीचं ताट पुढे ओढलं. दुसरी पुडी टोपीत होती, ती त्यानं तिथंच राहू दिली.