केळीच्या गाडीतला पाला

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत खानदेशात ब्राह्मणपुरीला घरी आलो, तेव्हा मला सगळं कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं. धाकट्या बहिणीला फेफरं यायचं. गोळ्या चालू असूनही महिन्यातून एखादा झटका यायचाच. वर्गात दोनदा आला, म्हणून वडिलांनी तिची शाळा बंद केली होती. पोरगी हुशार, रडून रडून डोळे सुजलेले. "आता डॉक्टर सांगेल तसं," म्हणत वडिलांनी निर्णय माझ्यावर टाकला.

मी ऐटीत सांगितलं, शाळा नको. मायनं विचारलं, का? मग मी पाटीवर चित्र काढलं. ह्या मज्जापेशी. रसाचा थेंब सोडून एकमेकींना निरोप देतात. झटक्यात सगळ्या एकदम भडकतात, त्यांना आवरणारं कोणी नसतं.

"आनि मधमा हाई काय शे?" तिनं मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"त्या नुसत्या आधाराच्या पेशी. केळीच्या गाडीत पाला घालतो ना, तसं भरण. काही करत नाहीत."

माय हसली. गाडी भरण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. "पाला काही करस नही? पाला नही टाका तं टेसन येस तवलोंग केळं काळं पडस, भाऊ." मग वडिलांकडे वळली. "पोरले शाळामा धाडा. मी बससू बाहेर."

मी चिडलो. तोंडावर अडाणी म्हणालो तिला. आजही लाज वाटते.

ती बसली. दोन वर्षं, शाळेच्या ओट्यावर, तूर निवडत. झटका आला की लोक हुंगवायला वहाण घेऊन धावत. माय त्यांना पिटाळून लावी, पोरीला कुशीवर वळवी, पदरानं लाळ पुसून शांत बसून राही. भानावर आली की पोरगी परत वर्गात. अशीच ती सातवीची फायनल पास झाली.

साठचं दशक सरता सरता मी मेडिकल कॉलेजात शिकवू लागलो होतो. एका मासिकात वाचलं की त्या भरणाच्या पेशी सांडलेला रस शोषून घेत असाव्यात, शेजारच्या पेशी भडकल्या की त्यांनाही ते कळत असावं. मासिक मिटलं. माय जाऊन वर्ष झालं होतं. तिला सांगायचं राहिलं, म्हणून फार रडलो.

मग बहिणीकडे गेलो. ती आता शाळेत बाई होती, वह्या तपासत बसली होती. सगळं सांगून मी त्या दिवसाची माफी मागितली.

"तुन्हं काय चुकनं, भाऊ," ती म्हणाली. "तुन्हा पुस्तकमा माय नही व्हती."